खुडलेले शेंडे

घरामागच्या उतारावर चिबडाचे चाळीस वेल होते आणि एकालाही शेंडा उरला नव्हता. रखमा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिचा नवरा चांगू विडी ओढायची विसरला. आणि हा सगळा पराक्रम करणारी त्यांची सून सेजल खुशाल उभी होती. नखं हिरवी झाली होती, पण तिने हात मागेसुद्धा नेले नाहीत.

“मीच खुडले,” ती म्हणाली. “सगळे.”

लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. सेजलचं माहेर जवळच, नाते नावाच्या गावात. तिने शेतीची पदविका घेतली होती. नवरा हृतिक मुंबईला कामाला, वसईला भाड्याची खोली. त्या एका खिडकीच्या खोलीत जाऊन बसायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. तिला हा उतार कसायचा होता, आणि ते ती विचारेल त्याला सांगायची, न विचारेल त्यालाही सांगायची.

“आई, दरवर्षी वेल पिवळाधमक फुलतो नि फुलं गळून जातात, असं तुम्हीच म्हणता ना?” तिने एक फूल तोडून उलटं धरलं. “ही निव्वळ नर फुलं. मुख्य वेलावर हीच येतात. ज्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, ती येतात बगलेतल्या फांद्यांवर. शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात. चिबूड तिथं धरतो.”

“म्हंजे पुढं पुढं पळनारे समदे बाप्येच म्हनायचे,” कुंपणापलीकडून शेजारीण चंद्राबाई म्हणाली आणि एकटीच हसली.

चांगूला हसू येण्यासारखं काही दिसत नव्हतं. “मान मोडलेला वेल कंदी धरतो काय? उपटतो सगळे. निदान घेवडा तरी लावू.” त्याने वाकून पहिल्या वेलाला हात घातला.

“हात नाय लावायचा,” रखमा म्हणाली. वाडीला ऐकू जावं असा आवाज लावला होता तिने. “गौरीपर्यंत असेच राहतील. हिचा पहिला ओवसा हाय औंदा. पाची सुपांत घरचा एकेक चिबूड पडला तर हा उतार हिचा. नाय पडला तर सामान बांधायचं नि हृतिकच्या मागं मुंबय गाठायची. परत या मातीत पाय नाय ठेवायचा. चंद्रा, तू साक्षीला हायस.”

नव्या सुनेने पहिल्या वर्षी पाच सुपं फळांनी-भाज्यांनी भरून गौरीपुढे ओवसायची, अशी तिथली रीत. त्या सुपांत बाजारचा चिबूड पडला तर घराचं नाक कापलं गेलं असतं.

“चालेल,” सेजल म्हणाली.

मग पावसाने झोडपायला घेतलं. आठ दिवस वेल नुसते बसून होते. चांगू येता-जाता घेवड्याचं नाव काढायचा, आणि रखमा त्याला एकच उत्तर द्यायची: “बोली झालेली हाय.” चंद्राबाईची बकरी कुंपणात शिरली तेव्हा रखमा भर पावसात काठी घेऊन धावली. रोज पहाटे ती सगळ्यांच्या आधी उतारावर जायची आणि मग चुलीपाशी येऊन बसायची. सासू माझी हार मोजायला जाते, असं सेजलला वाटायचं. तिला सासूचा राग यायचा. पण स्वतःच्या विद्येवर तिचा भरवसा होता.

नवव्या दिवशी बगला फुटल्या. एकेका वेलाला चार-चार फांद्या आल्या आणि उतार हिरवागार झाला. नागपंचमीच्या सुमाराला फुलं दिसली. त्यांच्या मागे बोराएवढी लवदार गाठ होती. सेजलने चांगूला हाताला धरून नेलं आणि एकेक गाठ दाखवली. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत होता. त्या दिवसापासून त्याने घेवड्याचं नाव घेतलं नाही.

हृतिक गणपतीला आला तो रिकामी मोठी बॅग घेऊनच. तोवर छप्पन चिबूड उतरले होते. एरवी चाळीस वेलांना पंधरा मिळाले तरी वाडीत बोलबाला व्हायचा. पाची सुपांत एकेक पिवळाजर्द चिबूड पडला, ओवसा झाला, उरलेले घरोघर गेले. चंद्राबाई दोन घेऊन गेली आणि पुढच्या वर्षी आपल्या वेलांचे शेंडे खुडायला सेजलला बोलावून गेली.

बायका पांगल्या. रखमा गौरीपुढे एकटीच बसली होती. मांडीवर चिबूड होता आणि ती तो पदराने पुसत होती. पुसायला त्यावर काहीच नव्हतं. सेजल समोर येऊन बसली. तिला सासूच्या तोंडून ऐकायचंच होतं.

“आई, बोली जिंकले ना मी?”

रखमाने मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते.

“माज्या माहेरी, सव गावाला, बकरीनं शेंडे खाल्ले की वेल जास्त धरायचा. म्हनून नवी आल्यावर मी बी खुडले होते गो. सासूनं त्याच दिवशी सगळे उपटले नि मला गौरीची शपथ घातली, परत हात नाय लावायचा म्हनून. चौतीस वर्सं झाली. माजं चुकलं होतं का बरोबर होतं, ते आज बघितलं.”