रेडिओवर आपलं नाव

“मागच्या चार महिन्यांत तुमच्या गटाचं नाव आम्ही एकदाही घेतलेलं नाही,” आदिलाबादच्या रेडिओ केंद्रातल्या निवेदिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी रजिस्टर पूनमपुढे सरकवलं.

पूनमने पान न् पान पाहिलं. सकाळच्या मराठी कार्यक्रमात हवामान होतं, कपाशीवरची कीड होती, भजनं होती. ‘ताजी भाजी नार्नूर’ कुठेच नव्हतं. ती पेढ्यांचा डबा घेऊन आभार मानायला आली होती. डबा इथेच ठेवावा की परत न्यावा, हेही तिला कळेना. शेवटी ठेवला. बाईंचा काय दोष?

‘ताजी भाजी नार्नूर’ हा व्हॉट्सॲपवरचा एक्केचाळीस भाजीवाल्यांचा गट. झेरॉक्सचं दुकान सांभाळता सांभाळता पूनमनेच तो काढला होता. उद्या काय तोडणार ते प्रत्येकाने आदल्या संध्याकाळी लिहायचं, म्हणजे उटनूरच्या बाजारात जिकडेतिकडे वांगीच वांगी असं होत नाही. नियम एकच, खरं लिहायचं. कल्पना छान होती, पण माणसं माणसांसारखीच होती. द्वारकाबाईंनी पालक लिहिला आणि सांबार नेला. त्या दिवशी रंजीताच्या सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, कोणी हात लावला नाही. मग रंजीताने गटावर द्वारकाबाईंना जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. आठवडाभरात अर्धा गट रिकामा झाला. उरलेले वाट्टेल ते लिहू लागले.

अशात एका सकाळी गटावर फकिरामामांचा बोललेला निरोप आला. मामांचे गुडघे गेले होते. बाजार सुनेवर सोपवून ते घरीच रेडिओ ऐकत बसायचे.

“आज रेडिओवर आपल्या ग्रुपचं नाव आलं! बाई म्हने, नार्नूरचे लोक एकमेकायले इचारून भाजी तोडतात. शिकावं म्हने त्यायच्यापासून.”

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी रंजीताने खरं लिहिलं. गेलेले मुकाट्याने परत आले. त्यानंतर आठवड्याला एकदा तरी मामांचा निरोप यायचाच. द्वारकाबाई तापाने पडल्या तेव्हा त्यांचे दोडके रंजीताने नेऊन विकले आणि दोनच दिवसांत रेडिओने तेही सांगितलं, असं मामा म्हणाले. पूनमला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण कौतुकाची चौकशी कोण करतं? उलट तिने हौसेने जाहीर केलं की मी आदिलाबादला जाते, रेकॉर्डिंग आणते, संध्याकाळी सगळ्यांना ऐकवते.

मामांनी कळवलं, “राहू दे पोरी, बस लय हालते.” द्वारकाबाई म्हणाल्या, “उगा काऊन जाते उन्हाची?” रंजीताचंही तेच. पूनमला वाटलं, संकोच असेल. भाजीवाल्यांचं कोणी कधी कौतुक केलेलं असतं?

परतीच्या बसमध्ये तिला मामांचा राग आला, मग स्वतःचाच आला. जिथे खरं लिहायचं हा एकच नियम होता, तो गट चार महिने थापेवर चालला होता. हे सांगितलं तर गट पुन्हा मोडणार. नाही सांगितलं तर नियम तिनेच मोडला. गटावर दिवसभर कोणी काही विचारलं नव्हतं. सगळे विश्वासाने वाट पाहत असतील, या विचाराने तिला आणखीच वाईट वाटलं.

नार्नूरला उतरून ती थेट फकिरामामांच्या अंगणात गेली. मामा वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी तिचं तोंड पाहिलं आणि हात थांबवला.

“रजिस्टर दाखवलं काय तुले?”

“दाखवलं. काऊन केलं असं, मामा?”

“घरात पाहुना बसला असला म्हंजे लोकं भांडत नाईत, पूनम. मी कोनाले आनून बसवू? रेडिओले बसवलं.”

पूनम अंगणातून बाहेर पडली. राग होता तो कुठे गेला, कोण जाणे. पण नियम तो नियम. तिने चालता चालताच मोबाईलवर लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. पाठवण्याआधी द्वारकाबाईंच्या कानावर घालावं असं तिला वाटलं. त्या भडकल्या नाहीत तर बाकीचे भडकणार नाहीत, एवढाच हिशेब.

द्वारकाबाई ओसरीवर दुसऱ्या दिवशीच्या सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी रेकॉर्डिंगचं विचारलं नाही. पाणी दिलं, बस म्हणाल्या.

“मावशी,” पूनम उभ्यानेच म्हणाली, “रेडिओवर आपलं नाव कधीच नाई आलं. मामायनं सारं मनानं सांगलं. मी आता ग्रुपवर लिहून राह्यली.”

द्वारकाबाईंनी हातातली जुडी बांधून पुरी केली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि ती टोपलीत ठेवली.

“नको लिहू, पोरी. मामायनं पहिल्यांदा सांगलं ना, त्याच्या दुसऱ्या दिसापासून बाजाराच्या ऑटोत आमी रोज तोच कार्यक्रम लावतो. सारे मिळून, शेवटपर्यंत आयकतो.”