एक खडक, दोन झुडपं

पहिला दगड ड्रोनला लागला, दुसरा प्रज्वलच्या कपाळाला. ड्रोन गवतात पडला, प्रज्वल त्याच्या शेजारी. ड्रोनचे पंखे आणि प्रज्वलचे पाय थोडा वेळ तसेच फिरत राहिले.

चाकणच्या कारखान्यांमागचा हा डोंगर निर्जन आहे, हे चिंचवडच्या ऑफिसात आधीच ठरलं होतं. ड्रोनचे फोटो बघून संगणकानं नकाशा काढला होता: माथ्यावर एक खडक, दोन झुडपं. प्रज्वलनं फक्त वर जाऊन, ड्रोन शेवटचा एकदा फिरवून टॅबवर 'बरोबर' दाबायचं होतं. मग डोंगर फोडायला मोकळा.

तेवढ्यात खडकाचं दार उघडलं आणि एक झुडूप कुऱ्हाडीचा दांडा घेऊन बाहेर आलं. झुडपाचं नाव चिमाजी. दुसरं झुडूप, म्हणजे त्याची बायको अंबूबाई, पदरात आणखी दगड गोळा करत होतं.

"पल्याडच्या डोंगरावर बी असाच भुंगा आला व्हता," चिमाजी म्हणाला. "आता तिथं डोंगरच न्हाई."

"काका, मी नुसता सर्व्हेवाला..."

दांडा खांद्यावर बसला. आत काहीतरी काडकन मोडलं.

"कशाचा सर्व्हे?"

"इथं कोणी राहत नाही, त्याचा."

"न्हाई ऱ्हात?" दांडा बरगडीत बसला. "मंग तुला मारतंय कोण?"

प्रश्न रास्त होता. प्रज्वल तोंडावर आपटला आणि रक्त थुंकला, सोबत एक दातही गेला.

फोन वाजला. त्यानं तो घेतला आणि स्पीकर लागला. ऑफिसातून सुरेंद्र सर होते.

"काय राव, दाबलं का बटण?"

"सर, खडकात माणसं राहतात. मला मारतायत!"

"नकाशात कुठंय माणूस? झुडपात अडकला असशील. दाब आणि खाली ये. सुरुंगवाले उद्या वर येतायत."

चिमाजीनं दोन्ही हातांनी दांडा उचलला. प्रज्वलनं टॅब धरलेला उजवा हात डोक्यावर घेतला.

"अवो, थांबा!" अंबूबाई ओरडली.

प्रज्वलला वाटलं, देव आहे.

"उजव्या हातावर नगा मारू. त्याच हातानं त्याला नकाशात आपलं घर काढायचंय."

चिमाजीला ते पटलं. तो वळसा घालून डाव्या बाजूला आला.