आत काय असतं

"अंगावर धातूचं काही ठेवू नका, आणि आत गेल्यावर हलू नका," एवढं सांगून टेक्निशियनबाई दाराआड गेल्या.

ट्रकवाला बाकावर टेकला. दवाखान्याचा अंगरखा त्याच्या पोटावर जेमतेम पुरत होता. उभा जन्म अवजड गाडी घाटातून चढवण्या-उतरवण्यात गेलेला. पण डॉक्टरांनी मानेचा एमआरआय लिहून दिल्यापासून त्याची पाचावर धारण बसली होती. डोकं त्या नळकांड्यात जाणार, एवढंच कळलं होतं. पुढचं विचारायला जीभ रेटत नव्हती. एवढा धिप्पाड गडी आणि घाबरतो, असं कोणी म्हणायला नको.

"पहिलीच वेळ का, दादा?"

शेजारी एक बाई बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, अंगावर तसाच अंगरखा, चेहरा शांत.

"माझा नंबर तुमच्या आधी आहे, पण तुम्हीच व्हा पुढे. ताटकळत बसलं की भीती वाढते. काय विचारायचं ते विचारा मला."

तो कसंनुसं हसला. मग हळूच म्हणाला, "आत जीव कोंडतो का हो?"

"छे! दोन्हीकडून उघडं असतं ते. वारा येत राहतो. डोळे मात्र बाहेरच मिटून घ्यायचे आणि बाहेर आल्यावरच उघडायचे."

"आणि हा आवाज? इथवर येतोय."

"यंत्राचा. कानात बोळे देतात, तरी कोणी पत्रा ठोकतंय असं वाटतं. मध्येच थांबतो. संपलं म्हणून उठू नका, पुन्हा सुरू होतो. हातात रबरी फुगा देतात. नाहीच सोसलं तर दाबायचा, बाहेर काढतात."

"लगेच?"

"लगेच. पण तो हातात आहे म्हटल्यावर दाबावा लागत नाही."

त्याने मोठा श्वास सोडला. इतकं तर डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं. या बाईंनी किती वेळा हे सोसलं असेल, आणि तरी दुसऱ्याला धीर देत बसल्यात! माणूस असावं तर असं.

आत सगळं तसंच झालं. ठोकाठोक थांबली तेव्हा तो मान उचलणारच होता. बाईंचे शब्द आठवले आणि निपचित राहिला. फुगा मुठीत होता. दाबला नाही.

तो बाहेर आला तो लढाई जिंकल्यासारखा. बाईंच्या पाया पडावं असं त्याला वाटत होतं. त्या दाराशीच उभ्या होत्या. तो तोंड उघडणार, तोच मागून टेक्निशियनबाईंचा आवाज आला.

"चला मावशी. आज तरी आत येताय ना? की आजही दारातूनच घरी?"

बाईंनी ट्रकवाल्याचं मनगट घट्ट धरलं. त्यांचा हात गारठला होता.

"दादा," त्यांनी हलकेच विचारलं, "मी सांगितलं तसंच असतं का हो आत?"