कागदी कप

मोहगावच्या तलावावर बचाव पथकाचं स्कूबा शिबिर होतं. शिबिरात शिकायला आलेल्या गावातल्याच प्रफुल्लच्या आईनं काठावर सगळ्यांना स्टीलच्या गिलासात चहा दिला. रश्मीला मात्र आधी आडनाव विचारलं, मग कागदी कप पुढे केला.

बुडी मारताना सरांनी नेमकी तिची जोडी प्रफुल्लशी लावली. आजच ओळख झालेला हा गडी पाण्यात उतरायलाच घाबरत होता. खाली जाऊन त्यानं भीतीनं धापा टाकत आपल्या टाकीतली हवा संपवून टाकली. रश्मीनं आपल्या तोंडातली नळी काढून त्याच्या तोंडाला लावली. एकाच नळीनं आळीपाळीनं श्वास घेत दोघं वर आले.

आईनं पुन्हा कागदी कप काढला.



"राहू द्या काकू! तुमचा पोरगा माही उष्टी हवा घेऊनच जित्ता वर आला. आता चाय मले त्याच्याच गिलासात द्या."