करंगळीचं माप

तुमची करंगळी जरा वर धरा. हां, अशी. आता ती तशीच राहू द्या, पुढे तिचं काम आहे.

आणि मनाशी एक परस आणा. दक्षिण गोलार्धातला, म्हणजे जानेवारीतला उन्हाळा, शनिवारची सकाळ. बेनॅला गावातल्या या परसात शेजारपाजारची दहा-बारा माणसं एका लहानशा तळ्याभोवती उभी आहेत. पाणी गुडघाभर. त्यावर पांढरं जाळं इतकं ताणून बसवलंय की चेंडू टाकला तर टप्पा खाईल. खाली सात सोनेरी मासे. तळ्याशेजारी छाती काढून उभे आहेत क्लॅरी पास्को आणि त्यांच्या बाजूला अनवाणी उभी आहे त्यांची नऊ वर्षांची नात, ब्रॉनी. ती त्यांना पॉप म्हणते.

मासे आधी अकरा होते. चार एका राखी बगळ्याने नेले. तो आत्ताही शेडच्या पत्र्यावर मान आखडून बसला होता. उरलेल्यांत डचेस होती. ती ब्रॉनीच्या हातून सोललेला वाटाणा खायची.

पॉपनी जाळं काही डोळे मिटून आणलं नव्हतं. पलीकडच्या ग्लेनिस ट्रँटर जखमी रानजीव सांभाळत. गेल्या महिन्यात त्यांच्या कपड्यांच्या टोपलीत ब्रॉनीने एक मोठं वटवाघूळ पाहिलं होतं. कुणाच्या तरी पीचच्या झाडावरच्या जाळ्यात तडफडून त्याचा पंख फाटला होता. तेव्हा ग्लेनिस म्हणाल्या होत्या, "जाळ्यात बोट घालून बघायचं. बोट आत गेलं, तर ते जाळं विकत घ्यायचं नाही."

हा नियम गावात सगळ्यांना पाठ होता. पॉपनी दुकानातच बोट घालून पाहिलं होतं. गेलं नव्हतं.

म्हणून तर आज ग्लेनिस फाटकावर लावायला पाटी घेऊन आल्या होत्या. 'या बागेत रानजीव सुखरूप.' गल्लीतली पहिलीच पाटी.

"पुन्हा एकदा दाखवतो," पॉप म्हणाले आणि त्यांनी आपली जाडजूड तर्जनी जाळ्यावर दाबली. बोट अडलं. "चाळीस वर्षं विटा रचल्या. दोन विटांमधली फट याच बोटाने मापली. एकदासुद्धा चुकलो नाही."

"तुझं सगळंच बरोबर असतं रे, क्लॅरी," शेजारचे डग म्हणाले. "फक्त तू भाजलेलं मटण सोडून."

सगळे हसले. ब्रॉनी हसली नाही. ती काठाच्या दगडाकडे बघत होती. दगडाखाली निळ्या जिभेची सापसुरळी राहायची. आठवड्यापूर्वीच तिला आठ पिल्लं झाली होती. आई चांगली मनगटाएवढी जाड. पण आत्ता दगडाखालून जे डोकं बाहेर आलं होतं, ते अगदी इवलंसं होतं.

ब्रॉनीने पॉपचं बोट पाहिलं. मग आपली करंगळी पाहिली.

बोलावं, तर सगळ्यांसमोर पॉपची शोभा होणार. न बोलावं, तर पाटी लागणार, आणि एकदा पाटी लागली की या जाळ्याकडे पुन्हा कुणीच बघणार नाही.

ती गुडघ्यांवर बसली. करंगळी जाळ्यावर ठेवली. दाबावीसुद्धा लागली नाही, ती दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. मग तिने बोट मागे ओढलं. दोरा पेरात रुतला. आणखी ओढलं, आणखी रुतला.

"पॉप," ती हळूच म्हणाली, "माझं बोट आत गेलं. आणि आता निघत नाहीये."

पॉपनी झटकन खिशातून चाकू काढला, आणि तीन दिवस खपून ताणलेलं ते जाळं कापलं. करंगळीवर लाल वळ उठला होता. पॉपनी ती आपल्या तळहातावर घेतली, शेजारी आपलं बोट ठेवलं. मग त्यांची नजर दगडापाशी गेली. पिल्लू अजून तिथेच होतं.

"मी बोट घालायला सांगितलं होतं, क्लॅरी," ग्लेनिस म्हणाल्या. "सॉसेज नव्हे."

"पाटी राहू दे तुझ्याकडे, दुपारपर्यंत." पॉप उठून उभे राहिले. छाती पुन्हा तशीच बाहेर आली होती, उलट जरा जास्तच. "चाळीस वर्षांत माझं माप चुकलं असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. नात आहे माझी ही, ऐकलंत ना सगळ्यांनी?"

कापलेलं जाळं त्यांनी गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. माणसं चहाला आपापल्या घरी गेली. ग्लेनिस तेवढ्या तळ्याकाठच्या खुर्चीत बसून राहिल्या.

"चल, गाडीत बस," पॉप म्हणाले. "नवीन जाळं आणू. या वेळी बोट तुझं."

ब्रॉनीने शेडकडे पाहिलं. बगळ्याची मान आता लांब झाली होती. उघड्या पाण्यात डचेस वर येऊन तोंड मिटत-उघडत होती.

ब्रॉनी लिंबाच्या झाडापाशी गेली. एक काडी तोडली, करंगळीला लावून पाहिली आणि टाकून दिली. दुसरी तोडली. तिसरी बरोबर जुळली. ती तिने पॉपच्या सदऱ्याच्या खिशात खोचली.

"हे माझं बोट. हरवू नकोस."

मग ती तळ्यात उतरली, रोज बगळा उभा राहायचा नेमकी त्याच जागी. तिने दोन्ही हात पसरले, एक पाय वर उचलला, आणि पत्र्यावर नजर रोखून गाडी परत येण्याची वाट बघत उभी राहिली.