मास्तरांचा रिपोर्ट

मास्तरांच्या खिडकीखाली, गल्लीत उभं राहून लिफ्टवाल्याने स्वतःचाच आवाज ऐकला आणि तो चाट पडला. हातातल्या रेडिओ सेटवर तो चांगलं सावकाश, दात-ओठ सांभाळून बोलत होता. वरून खिडकीतून मात्र पिठाची गिरणी ऐकू येत होती. त्या घरघरीत कुठेतरी एक माणूस अडकलाय एवढंच कळत होतं. बोलण्यातलं अक्षर कळेल तर शपथ.

त्याने बटण सोडलं. लगेच वरून मास्तरांचा खणखणीत आवाज आला. "लिफ्टवाले, फाइव्ह नाइन. शब्द न् शब्द स्पष्ट. आता औषधवाल्या बाई. ओव्हर."

हौशी रेडिओवाल्यांच्या रिपोर्टात पहिला आकडा बोलणं किती समजतं त्याचा, एक ते पाच. दुसरा सिग्नलच्या जोराचा, एक ते नऊ. फाइव्ह नाइन म्हणजे पैकीच्या पैकी. आणि इथे तर साधं पास होण्याची मारामार होती.

लिफ्टवाला दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. हा सेट त्याने तीन महिने खपून स्वतः जुळवला होता. रविवारी सायकलींची शर्यत होती. घाटातल्या अवघड वळणावर तो हाच सेट घेऊन बसणार होता आणि खाली नियंत्रण मास्तरांकडे होतं. कुणी स्वार कोसळला, तर निरोप याच्या तोंडून मास्तरांच्या कानात आणि तिथून रुग्णवाहिकेला जायचा. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी परवा हवेवरच सुनावलं होतं, "तुमचं काही कळत नाही हो, नुसती घरघर." मास्तर मात्र रोज फाइव्ह नाइन देत होते. खरं कोण, याचा छडा लावायला तो आज सकाळी, मास्तर हवेवर सगळ्यांची हजेरी घेतात त्या वेळी, मुद्दाम इथे आला होता. छडा लागला, बाई खऱ्या होत्या. मग मास्तर खोटं का बोलत होते?

मास्तर आणि खोटं, हे काही त्याच्या गळी उतरेना. 'आधी ऐका, मग बोला' हे त्यांनीच सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं. बाकीची मंडळी एकमेकांच्या बोलण्यावर खुशाल चढायची. मास्तरांनी कधी कुणाचं वाक्य तोडलं नव्हतं. हजेरीत गप्पांना थारा नाही, असा नियमही त्यांनी दोनेक वर्षांपूर्वी घालून दिला होता. शिस्तीचा माणूस, म्हणून सगळे मान डोलवायचे.

तो जिना चढला. मास्तरांच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडलं. त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

"आत जा," त्या म्हणाल्या, "पण मध्ये बोलू नका. हजेरी चाललीये त्यांची." आणि घाईघाईने स्वयंपाकघरात गेल्या.

खोलीत आवाजाने भिंती हलत होत्या. मास्तर दाराकडे पाठ करून बसले होते. सेटचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. औषधवाल्या बाई बोलत होत्या, "मास्तर, रविवारी घाटात प्रथमोपचाराच्या किती पेट्या ठेवू? एक पुरेल का?"

मास्तर सेटवरच्या, सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या सुईकडे टक लावून बघत होते. बाईंचं बोलणं संपलं आणि सुई खाली पडली. ती पडली तसं त्यांनी बटण दाबलं. "बाई, फाइव्ह नाइन. शब्द न् शब्द स्पष्ट. धन्यवाद."

"मास्तर," लिफ्टवाल्याने मागून हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. मग ओरडूनच मारली. मास्तर वहीत बाईंच्या नावापुढे फाइव्ह नाइन लिहीत राहिले.

सांगावं, तर म्हाताऱ्याची खुर्ची जाणार. त्या खुर्चीवाचून त्यांना दुसरं काय होतं? न सांगावं, तर रविवारी एखादं पोर घाटात रक्त सांडत पडेल आणि खाली फाइव्ह नाइनची नोंद होईल. खांद्यावर हात ठेवावा म्हणून तो एक पाऊल पुढे गेला आणि थांबला. सुई. माणसाला सुई दिसतेय ना.

त्याने आपल्या सेटचं बटण दाबलं. काही बोलला नाही. आखूड, लांब असं दाबत राहिला, मास्तरांनीच शिकवलेल्या मोर्समध्ये. समोरची सुई उडी मारू लागली, कधी क्षणभर, कधी जरा टिकून. तीन अक्षरांचा जुना संकेत होता तो. माझं बोलणं कितपत समजतंय?

मास्तर ताठ झाले. लेखणी खाली ठेवून सुईच्या जवळ वाकले. लिफ्टवाल्याने संकेत पुन्हा दिला. त्याचा हात मुळातच जड होता, लांब ठोका नको इतका लांबायचा, आणि त्यावरून मास्तरांची बोलणी त्याने किती वेळा खाल्ली होती.

मग मास्तरांनी बटण दाबलं. आवाज तोच होता, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा.

"लिफ्टवाले, हात ओळखला तुमचा. रिपोर्ट लिहून घ्या. झिरो नाइन." ते थांबले, पण बटण त्यांनी सोडलं नाही. "सगळ्यांनाच. गेली दोन वर्षं. ओव्हर."