जॅकचा वॅटल

“तोडायचा तर तोड. पण इथे जाळू नकोस, नेव्हिल. सांगून ठेवते!”

ऐंशीच्या ग्वेनने पडवीतून हे तिसऱ्यांदा सांगितलं. मेलबर्नहून दोन दिवसांसाठी उगवलेल्या तिच्या एकुलत्या एका मुलाने मानही वर केली नाही. तो अंगणातला वॅटल, म्हणजे पिवळ्या फुलांचा बाभळीचा भाऊबंद, तोडत होता. चौदा वर्षांपूर्वी मरायच्या आधी त्याच्या बापाने, जॅकने, पेरलेला.

“काय ठेवलंय यात? निम्मा वाळलाय. खोडातून डिंक गळतोय. आणि तू रोज याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतेस! लोक हसतात, आई.”

लोक बिलकूल हसत नव्हते. वॅटल पंधरा वर्षांत म्हातारा होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नेव्हिलसाहेबांना कोण शिकवणार? गावात जन्मला, शहरात शहाणा झाला आणि आता येईल तेव्हा सगळ्यांना अक्कल वाटत फिरतो.

“जॅकचं एवढंच राहिलंय रे,” ग्वेनचा आवाज भरून आला. “हेही गेलं की संपलं.”

“बाबांची आठवण म्हणे! जंगली झुडूप ते. छान हिरवळ लावून देतो तुला.”

“बरं. पण फांद्या ओढ्याकाठी नेऊन जाळ. या जागेवर अजिबात नको!”

“ओढ्यापर्यंत कोण ओढत नेणार? तुला कळतं का काही?”

मे महिना होता, आमच्याकडे तेव्हा हिवाळा लागतो, थंडी पडली होती. नेव्हिलने बुंध्यावरच ढीग रचला आणि दुपारभर जाळला. शेजारचा अर्नी कुंपणावर कोपरं टेकून बघत राहिला. ग्वेन डोळे पुसत आत गेली. एवढ्या मोठ्या बाप्याला त्याची लाज वाटायला हवी होती, पण त्याने हात झटकले आणि चहा मागितला.

सप्टेंबरात स्वारी पुन्हा आली. गाडीत हिरवळीच्या बियांची पोती. अंगणात पाऊल टाकलं आणि तिथेच थबकली. काळ्या राखेतून वॅटलची रोपं वर आली होती. बोट-बोट उंचीची, नाजूक पानांची, दोनशे तरी असतील.

“हे... हे कुठून आलं?”

“तुझ्याच कृपेने,” कुंपणापलीकडून अर्नी म्हणाला. “वॅटलचं बी म्हणजे दगड. चांगला चटका बसल्याशिवाय फुटत नाही. एवढ्या वर्षांच्या शेंगा तिथे मातीत पडून होत्या. तू भाजून दिल्यास. उपकार झाले बाबा!”

नेव्हिलचं तोंड लाल झालं. तो आईवरच उखडला.

“मग तू मला जाळू नको, जाळू नको असं का म्हणत होतीस?”

“मग काय, जाळ म्हणायला हवं होतं?” ग्वेन म्हणाली. “पन्नास वर्षांत माझं एक तरी ऐकलंयस का?”